‘स्कायवॉक’ : एका शब्दाचा अर्थ आणि वहिवाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



अर्थकारणाच्या अभ्यासवर्गात एका शब्दाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कुणाच्याही मनात येणे साहजिक आहे. शब्दांची चिकित्सा भाषापंडितांनी करावी आणि कार्यकर्त्यांनी महागाई, रोजगार व घरे यांविषयी बोलावे, अशी श्रमविभागणी बहुतेकांनी मनोमन मान्य केलेली असते. तथापि राज्यसंस्था जनतेचा पैसा कोणासाठी आणि कशावर खर्च करते, हे ती ज्या शब्दांत सांगते ते शब्द निरागस नसतात. अंदाजपत्रकातील आकडे जसे तपासावे लागतात, तसे त्यातील शब्दही तपासावे लागतात. ‘स्कायवॉक’ हा असाच तपासण्याजोगा शब्द आहे.

मुंबईकरांच्या बोलण्यात हा शब्द २००८ साली आला. त्या वर्षी वांद्रे पूर्वेला रेल्वे स्थानकापासून कलानगरपर्यंत, एक किलोमीटरहून अधिक लांबीचा, पायी चालणाऱ्यांसाठी उंचावरचा मार्ग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने खुला केला. पुढील काही वर्षांत महानगर प्रदेशात असे सुमारे ३६ मार्ग उभे राहिले. तोपर्यंत उंचावरून पायी जाण्याच्या सोयीला मुंबईत ‘पूल’ किंवा ‘ब्रिज’ एवढेच नाव होते. रेल्वेच्या ध्वनिक्षेपकाने ‘पादचारी पूल’ हा संस्कृत-फारसी जोडशब्द घरोघर पोहोचवला होता, आणि त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता.

मग नव्या शब्दाची गरज का पडली? वस्तूत थोडा फरक होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूल एका काठावरून दुसऱ्या काठावर नेतो. तो रूळ, रस्ता किंवा ओढा ओलांडतो आणि त्याचे काम तेथे संपते. स्कायवॉक केवळ ओलांडत नाही. तो रस्त्याच्या डोक्यावरून, रस्त्याच्याच दिशेने, लांबवर जातो. स्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसाला रस्त्यावर उतरूच न देता गर्दीच्या पलीकडे नेऊन सोडणे हा त्याचा हेतू आहे. म्हणजे पूल ही रस्त्याला केलेली जोड आहे, तर स्कायवॉक हा रस्त्याला, निदान त्याच्या पदपथाला, दिलेला पर्याय आहे. शब्दातील हा भेद बारीक दिसला तरी धोरणातील भेद मोठा आहे. पदपथ दुरुस्त करणे आणि पदपथाला पर्याय देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

आता शब्दाची फोड पाहू. त्याचा अर्धा भाग आकाश आणि अर्धा भाग चालणे. प्रत्यक्षात त्या मार्गावरून जाणाऱ्या कारकुनाला वा मोलकरणीला आकाश फारसे दिसत नाही, कारण बहुतेक ठिकाणी डोक्यावर छप्पर असते. नजर असते ती पुढच्याच्या पाठीवर आणि मनगटावरच्या घड्याळावर. ‘आकाश’ हा भाग वस्तूचे वर्णन करीत नाही, तो वस्तूला मोठेपणा देतो. ‘पादचारी पूल बांधला’ या वाक्यात एक साधी सोय केल्याचा सूर आहे. ‘स्कायवॉक उभारला’ या वाक्यात नगराची प्रगती झाल्याचा सूर आहे. जाहिरातीची भाषा राज्यकारभारात शिरते ती अशा शब्दांच्या वाटेने.

यावर एक सोपा उपाय सुचवला जाईल. शब्द परका आहे, तेव्हा ‘आकाशपथ’ वा ‘आकाशमार्गिका’ असा मराठी प्रतिशब्द घडवावा. परंतु त्यामुळे दोष जात नाही, तो केवळ वेष बदलतो. मराठीने यापूर्वी ‘उड्डाणपूल’ हा शब्द घडवला आणि तो इतका रुळला की त्यातील ‘उड्डाण’ आता कोणाच्या कानाला जाणवत नाही. वाहनांना उड्डाण मिळाले, पादचाऱ्यांना आकाश मिळाले. जमीन मात्र कोणाला मिळाली, हा प्रश्न दोन्ही शब्दांनी झाकून टाकला.

हीच वस्तू जगात इतरत्र कोणत्या नावाने ओळखली जाते, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील मिनियापोलिस या कडाक्याच्या थंडीच्या शहरात १९६२ साली दोन इमारतींना जोडणारा पहिला बंदिस्त ‘स्कायवे’ झाला. त्यामागे थंडी होती, तसा व्यापारही होता. शहराच्या सीमेवर १९५६ साली साउथडेल हे छताखालचे मोठे बाजारसंकुल उघडले होते आणि मध्यवर्ती पेठेतील ग्राहक तिकडे वळत होते. त्यांना थोपवण्यासाठी पेठेतील इमारती दुसऱ्या मजल्यावरून एकमेकींना जोडल्या गेल्या. कॅनडातील कॅलगरी शहराने १९७० पासून असेच जाळे विणले आणि त्याचे नाव ‘प्लस फिफ्टीन’ ठेवले, कारण ते जमिनीपासून सुमारे १५ फूट उंच आहे. नाव रूक्ष आहे, पण प्रामाणिक आहे. किती फूट चढावे लागेल ते तरी त्यात कळते. लंडनमध्ये बुकॅनन यांच्या १९६३ सालच्या ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ या अहवालाने माणसे आणि मोटारी यांच्या पातळ्या वेगळ्या करण्याचा विचार मांडला. त्याच काळात सिटी ऑफ लंडनने उंच पादमार्गांची महत्त्वाकांक्षी योजना आखली. ती बरीचशी कागदावरच राहिली. बार्बिकनच्या परिसरातील ‘हायवॉक’ ही तिची ठळक खूण होय. हाँगकाँगमध्ये चिनी भाषेत अशा पुलाला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘आकाशपूल’ असाच आहे.

या उदाहरणांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली गोष्ट मालकीची. मिनियापोलिसचे स्कायवे मुख्यतः इमारतींच्या मालकांचे आहेत. ते केव्हा उघडावेत आणि केव्हा बंद करावेत, हे ठरवण्यात मालकाचा शब्द चालतो. शेजारच्याच सेंट पॉल शहरात ते नगरपालिकेच्या मालकीचे आहेत. नाव एकच असले तरी एक रस्ता आहे आणि दुसरा दुकानाचा व्हरांडा आहे. दुसरी गोष्ट वापराची. हाँगकाँगच्या मध्यवर्ती भागातील उंच मार्गांवर दर रविवारी घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रिया पुठ्ठे अंथरून बसतात. आठवड्यातून एकदा मिळणारी सुट्टी घालवायला त्यांना स्वतःचे घर नसते. ज्या घरात त्या राबतात त्याच घरात त्या राहतात. बँकांच्या इमारतींना जोडण्यासाठी बांधलेला मार्ग एका दिवसापुरता त्यांचा दिवाणखाना होतो. वास्तुरचनाकाराने तो अर्थ त्यात घातलेला नव्हता, वापराने तो आला.

हाच शब्द आणखी एका वस्तूला लावला जातो, तिचाही उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर २००७ साली काचेच्या तळाचा ‘स्कायवॉक’ पर्यटकांसाठी खुला झाला. तेथे माणूस पैसे देऊन, भीतीची मौज घेण्यासाठी, दरीवर चालतो. मुंबईच्या पुलांवर चालणाऱ्याला मौजेसाठी भीती विकत घ्यावी लागत नाही. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळला आणि १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळून कामावरून घरी निघालेली माणसे मृत्युमुखी पडली. चैनीची वस्तू आणि जीवनावश्यक वस्तू यांना एकच नाव मिळाले, की जीवनावश्यक वस्तूकडेही चैनीसारखे पाहिले जाण्याचा धोका असतो. आधी उद्घाटन, मागून देखभाल, हा क्रम त्यातूनच येतो.

मराठीत उंचावरून पायी ओलांडण्यासाठी एक जुना, अस्सल शब्द आहे, तो म्हणजे ‘साकव’. कोकणात ओढ्यावर वा पऱ्ह्यावर सुपारीच्या किंवा माडाच्या खोडांचा, बांबूंचा अरुंद साकव घातला जातो. आता साकव सिमेंटचेही होतात आणि सरकारी योजनांत हा शब्द आजही चालतो. साकवाच्या अर्थात तीन गोष्टी गृहीत आहेत. अडथळा निसर्गाने निर्माण केलेला आहे. साकव घालण्याची आणि पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करण्याची जबाबदारी वाडीने मिळून घ्यायची आहे. आणि त्यावरून शाळेचे पोर, भाऱ्याची बाई व म्हातारा माणूस सारखेच जाणार आहेत.

स्कायवॉकला हे तिन्ही निकष लावून पाहावेत. येथील अडथळा निसर्गनिर्मित नाही. नदीला बाजूला हो म्हणता येत नाही, म्हणून तिच्यावरून जावे लागते. मोटारींचा लोंढा ही नदी नव्हे. तो नगररचनेच्या निर्णयांनी वाढवलेला आहे आणि निर्णयांनी आवरता येतो. दोन माणसे चौकात समोरासमोर आली, एकाच्या पायाखाली यंत्र आहे आणि दुसऱ्याचे नुसते पाय आहेत, तर चढ कोणी चढावा? शहरातील रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडून वर पूल घालायचा म्हटले, तर साधारण १५ सेंटिमीटरची एक पायरी धरून सुमारे ४० पायऱ्या चढाव्या लागतात आणि तितक्याच उतराव्या लागतात. हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. जो चढ यंत्राने काही क्षणांत पार केला असता, तो गुडघ्यांवर टाकला गेला. अर्थशास्त्राच्या भाषेत हे खर्चाचे हस्तांतरण आहे. मोटारवाल्याचा वाचलेला वेळ प्रकल्पाच्या हिशेबात जमेला धरला जातो. पादचाऱ्याचा गेलेला वेळ आणि झिजलेला गुडघा कोणत्याच खात्यात लिहिला जात नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. पादचाऱ्यांच्या सोयींविषयी इंडियन रोड्स काँग्रेसची जी मार्गदर्शक तत्त्वे २०१२ साली सुधारून प्रसिद्ध झाली, त्यांचाही कल रस्त्याच्या पातळीवरून ओलांडण्याच्या सोयीला प्राधान्य देण्याकडे आहे, आणि पदपथावर अडथळाविरहित किमान १.८ मीटर रुंदी असावी असे ती सांगतात. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला ४० पायऱ्यांचा आकाशमार्ग म्हणजे बंद दरवाजाच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर तर त्याचे समर्थन करणे कठीण आहे. आणि हे सारे ज्या शहरात घडते तेथील माणसे बहुसंख्येने चालणारी आहेत. प्राधिकरणाने स्वतः करविलेल्या आणि २००८ साली पूर्ण झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात महानगरातील सुमारे निम्म्या फेऱ्या निव्वळ पायी होतात असे आढळले होते. ज्या वर्षी हा निष्कर्ष हाती आला, त्याच वर्षी पहिला स्कायवॉक खुला झाला. निष्कर्षातून दोन धडे घेता आले असते. एक, चालणारे इतके आहेत तर जमीन त्यांना द्यावी. दुसरा, चालणारे इतके आहेत तर त्यांना वर पाठवावे. घेतला गेला तो दुसरा.

तथापि टीका करताना न्याय सोडता कामा नये. वांद्रे, कल्याण, ठाणे अशा ठिकाणी स्थानकाबाहेरची कोंडी इतकी भयंकर होती की हजारो माणसांनी हे मार्ग आपलेसे केले. पावसात चिखल नाही, रिक्षांचा धक्का नाही, अंगावर येणारी बस नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाला ही सोय लहान वाटत नाही. वांद्र्याचा मार्ग धोकादायक ठरून २०१९ साली बंद झाला आणि पुढे नव्याने बांधण्यासाठी पाडला गेला. तेव्हा त्याचा खरा अर्थ त्यावरून चालणाऱ्यांना कळला. खाली पदपथ उरलेला नव्हता. वरचा रस्ता आहे म्हणून खालचा सोडून दिला होता, आणि वरचा गेल्यावर माणसे मोटारींच्या मधून वाट काढू लागली. पर्याय म्हणून आलेली वस्तू मूळ वस्तूला संपवते आणि मग स्वतःही नाहीशी होते, हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. दहा-अकरा वर्षांत निकामी होणारी रचना सार्वजनिक पैशातून उभी करताना तिच्या देखभालीचा खर्च कोणी आणि कोठून करायचा, हे उद्घाटनाच्या फलकावर लिहिलेले नसते.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. जेथे खरोखरच पूल हवा होता तेथे तो वेळेवर रुंद झाला नाही. तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्थानके जोडणारा पूल गिरण्यांच्या काळातला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचा कायापालट झाला. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उठले. चटईक्षेत्राचा हिशेब चौरस फुटांत झाला, जमिनींचे व्यवहार कोटींत झाले, पण त्या मनोऱ्यांत कामाला येणाऱ्या माणसांना किती फूट रुंदीचा जिना लागेल, याचा हिशेब कोणी केला नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसे पुलावर थांबली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्या वेळी कोणी ‘फूल’ पडले असे हिंदीत ओरडले आणि गर्दीला ‘पूल’ पडला असे ऐकू आले, असे एका जखमी मुलीने चौकशीत सांगितल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. ते तंतोतंत खरे असो वा नसो, गर्दीला तो शब्द लगेच पटला असता यात शंका नाही, कारण पूल पडण्याची भीती तिच्या रोजच्या अनुभवातली होती. पुढे लष्कराच्या मदतीने तेथे नवा पूल झाला आणि तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. अवघ्या पाच महिन्यांत. म्हणजे अडचण पैशाची नव्हती, तंत्रज्ञानाचीही नव्हती.

येथे मराठीतील आणखी एका शब्दाकडे वळले पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘वहिवाट’. वापर, रिवाज आणि हक्क हे तिन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. शेताकडे जाणारी वाट वर्षानुवर्षे तुडवली गेली, की ती वहिवाट होते. ती कोणी अडवली तर शेतकरी मामलेदाराकडे जातो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तशी दाद मागण्याची सोय केली आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही बांधावरून रस्ता देण्याची तरतूद आहे. म्हणजे चालण्याने हक्क उत्पन्न होतो, ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. शहरातील पादचाऱ्याची वहिवाट मात्र दररोज लाखो पायांनी तुडवूनही कागदावर येत नाही. तिच्यावर मोटार उभी राहिली तर तिला ‘पार्किंग’ असे सौम्य नाव मिळते.

पदपथावर फेरीवाले बसतात, म्हणून पादचाऱ्यांना वर नेले, असे स्कायवॉकचे एक समर्थन केले जाते. हे समर्थन गरिबाला गरिबाविरुद्ध उभे करणारे आहे, म्हणून ते जपून तपासले पाहिजे. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणात, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या संदर्भात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. त्याच निकालाने पदपथ चालणाऱ्यांसाठी आहेत असेही बजावले. पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला. त्याचा गाभा असा की जागा आखून द्यावी, नोंदणी करावी आणि दोघांनाही नांदू द्यावे. हे कष्टाचे आणि वादाचे काम टाळून पादचाऱ्याला उचलून वर ठेवणे अधिक सोपे वाटले. पण समाज खाली ठेवून नुसता पादचारी वर नेता येत नाही. थोड्याच दिवसांत फेरीवाला वर आला, निराश्रित माणूस रात्री वर झोपू लागला. काही वस्त्यांत खिडकीशेजारून मार्ग गेल्याने घरातला आडोसा गेल्याची तक्रार झाली. खालचे न सुटलेले सारे प्रश्न जिना चढून वर आले.

मराठीत ‘रस्त्यावर येणे’ म्हणजे निराधार होणे आणि ‘रस्त्यावर उतरणे’ म्हणजे हक्कासाठी लढणे. दोन्ही वाक्प्रचारांत रस्ता जमिनीवर आहे. १९५१ साली विनोबांनी भूदानाची हाक दिली ती पायी चालत. पंढरीची वारी चालते ती पायीच. या समाजात चालणे हे केवळ वाहन नसल्याचे लक्षण कधीच नव्हते. ज्या दिवशी नगररचनेच्या भाषेत चालणारा माणूस ‘वाहतुकीतला अडथळा’ झाला, त्या दिवशी त्याला आकाश देऊ करण्याची कल्पना सुचली. त्याचे परिणाम आकड्यांतही दिसतात. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ एक पंचमांश, म्हणजे ३२ हजारांवर, पादचारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. ओल्गा टेलिस प्रकरणात ज्या अनुच्छेदाने उपजीविकेला आधार दिला, त्याच अनुच्छेदाने आता चालण्यालाही आधार दिला आहे.

मग कार्यकर्त्यांनी या शब्दाचे काय करावे? शब्दावर बहिष्कार घालण्यात अर्थ नाही. तो लोकांनी स्वीकारला आहे आणि लोकांची भाषा ठरावांनी बदलत नाही. नव्या स्कायवॉकची घोषणा झाली की तीन प्रश्न विचारावेत. वर जो खर्च होणार आहे तेवढ्यात खालचे किती पदपथ चालण्याजोगे झाले असते? चढू न शकणाऱ्यासाठी सरकता जिना व उद्‌वाहन आहे काय, आणि ते पाच वर्षांनीही चालू राहील याची हमी कोणाची? आणि हा मार्ग बंद पडला तर त्या दिवशी माणसांनी कोठून चालायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजपत्रकात मिळेल, दुसऱ्याचे निविदेच्या अटींत मिळेल. तिसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी स्थानकाबाहेर तासभर उभे राहून पाहावे लागेल. वॉर्डात काम करणाऱ्या कोणालाही हे करता येण्याजोगे आहे.

सामान्य माणूस मात्र या वादापासून दूर आहे. स्थानकाबाहेर वाट विचारणाऱ्याला तो ‘स्कायवॉक’ही सांगत नाही आणि ‘आकाशपथ’ही सांगत नाही. तो म्हणतो, ‘वरून जा’ किंवा ‘खालून जा.’ या दोन शब्दांपैकी ‘वरून’ हा शब्द सोयीचा आहे. ‘खालून’ हा शब्द हक्काचा आहे. सोय वाढवताना हक्क बुजवला जाणार नाही, एवढे पाहणे हे लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांचे काम आहे.